देवीची पापणी

व्याह्यांनी एकमेकांपासून जरा अंतर राखून असावं, असं जग म्हणतं. या दोघांमध्ये अंतर होतं ते एका फळीचं, आणि तीही कंबरेएवढीच उंच. फळीच्या अलीकडे मौनीबाबा बुद्धाच्या मूर्ती घडवत आणि पलीकडे सावकाशराव देवांच्या. मौनीबाबांची लेक सावकाशरावांच्या घरी दिलेली. दिलेली म्हणायचं आपलं, लग्न पोरांनी परस्परच ठरवलं होतं. बापांना कळलं तेव्हा दोघांनीही तोंडं फुगवली, मग एकमेकांचं काम बघायला गेले, आणि दगडाला हात लावल्यावर दोघांचाही राग निम्म्यावर आला. उरलेला निम्मा पुढे चेष्टामस्करीत जिरला. एकट्याला भाडं झेपेना म्हणून दोघांनी मिळून ही मोठी शेड घेतली. तेव्हापासून दगड एका गाडीतून येई, पाणी एका नळाचं, आणि संध्याकाळी अंगावर बसलेली भुकटी बुद्धाची की देवाची हे कुणाच्या बापालाही ओळखू येत नसे.

दोघांची ही नावं आळीने ठेवलेली. डोळे मिटून बसलेली शांत मूर्ती घडवणाऱ्या या माणसाच्या तोंडाचा पट्टा सकाळी कुलूप काढल्यापासून चालू व्हायचा तो थेट कुलूप लावेपर्यंत, म्हणून तो मौनीबाबा. आणि गिऱ्हाईकाने मूर्ती कधी मिळेल असं विचारलं की ज्याच्या तोंडून एकच शब्द निघायचा, तो सावकाशराव. खऱ्या नावांनी त्यांना आता फक्त वीजबिलवाले ओळखत.

"व्याही, आज कितवा हात चाललाय?" मौनीबाबा फळीवरून डोकावून विचारत. "एवढे हात देता तुम्ही देवांना, पण स्वतःचा दगड उचलून कडेला ठेवील असा त्यात एक नाही. शेवटी कंबर मोडून घ्यायची ती आपणच."

"तुमचा तर आहेत ते दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलाय," सावकाशराव मान वर न करता म्हणत. "बायकोला न सांगता घर सोडलं त्यानं. मला भाजी आणायला उशीर झाला तरी घरी जाब द्यावा लागतो."

असं दिवसभर चाले. एकदा मात्र गाडी जरा रुळावरून घसरली होती. सावकाशरावांकडे दहा अवतारांची एक लांबलचक पट्टी कोरायला आली होती आणि तिच्यात त्यांनी नवव्या जागी बुद्ध बसवला. मौनीबाबांनी फळीवरून तो पाहिला.

"आमच्या माणसाला परस्पर दत्तक घेतलंत?" ते म्हणाले. "विचारलं कुणाला?"

"दत्तक कशाला? घरचाच की तो. रुसून गेलेला."

"रुसून नाही गेला, विचार करून गेला. आणि घरातला माणूस का गेला, हे मागे राहिलेल्यांपैकी कुणी विचारलं का कधी?"

"बरं, मी विचारतो. का गेला?"

एवढं बोलणाऱ्या माणसाने तेव्हा पाठ फिरवली आणि हातोडा उचलला. सांगेन कधीतरी, म्हणाले. सावकाशरावांना वाटलं, बुद्धाबद्दल काही मोठं तत्त्वज्ञान असेल, आपल्याला झेपेल अशा दिवशी सांगतील. ते विसरूनही गेले. मौनीबाबा विसरले नाहीत, कारण ते बुद्धाबद्दल बोलतच नव्हते.

दोघांचं काम सारखंच, पण डोळ्यांपाशी आलं की वाटा फुटत. सावकाशराव देवाचे डोळे अगदी शेवटी कोरत. मूर्तीच्या बाजूला बसायचं, समोर आरसा ठेवायचा, आणि त्यात बघत बघत काम करायचं, म्हणजे देवाची पहिली नजर माणसावर न पडता आरशावर पडते. छिन्नी टेकवली की श्वास रोखायचा. तो असा रोखायचा की नळाखाली बादली भरून वाहिली तरी उठायचं नाही. मौनीबाबांची रीत वडिलांकडून आलेली. ते मूर्तीसमोर एका बुटक्या लाकडी स्टुलावर बसत. स्टूलही वडिलांचंच, बसून बसून मध्ये खोलगट झालेलं. पापणी कोरताना ते श्वास हळूहळू सोडत. श्वास उतरतो तसं मनगट उतरतं, आणि पापणी आपसूक खाली येते. आयुष्यभरात त्यांच्या हातून टक्क उघडा डोळा म्हणून कधी निघाला नव्हता.

तर अशा या शेडमध्ये टेकडीवरच्या देवळाची देवी आली. जुन्या मूर्तीला तडा गेला होता, म्हणून देवळाच्या कारभाऱ्यांनी नवी सांगितली. काळा दगड, बसलेल्या माणसाएवढी उंची. सावकाशरावांनी ती अशी घडवली की मौनीबाबासुद्धा दिवसातून एकदा फळीला कोपर टेकून गुपचूप बघत राहत. नाक, ओठ, बोटं, सगळं झालं. डोळे तेवढे राहिले.

आणि राहिले ते राहिलेच. सावकाशराव रोज आरसा मांडत, रोज पुसत आणि रोज उचलून ठेवत. कारभाऱ्यांची माणसं दोनदा येऊन गेली. "सावकाश," एवढंच उत्तर मिळालं. सावकाशरावांच्या नावामुळे कुणाला त्यात काही वावगंही वाटलं नाही.

मौनीबाबांना कळलं ते गोणपाटामुळे. ओल्या दगडावर टाकायला त्यांना गोणपाट हवं होतं, म्हणून त्यांनी पलीकडच्या कोपऱ्यातला ढीग उचकला, तर खाली दगडाचे हातभर लांबीचे तुकडे. प्रत्येकावर डोळे. नुसते डोळे, नाक नाही, कपाळ नाही. आणि प्रत्येक डोळ्याची रेघ मध्येच थरथरून बाजूला गेलेली. कुठे पापणी फुटलेली, कुठे बुबुळ कडेला सरकलेलं. त्यांनी तो होता तसा झाकून ठेवला.

तेवढ्यात लेक दोघांचा चहा घेऊन आली. तिने एक पेला काठोकाठ भरलेला बापाच्या हातात दिला आणि दुसरा निम्मा भरलेला फळीपलीकडे ठेवला. इतके दिवस हे डोळ्यांसमोर चालू होतं आणि आपण बघितलं नाही, याची मौनीबाबांना लाज वाटली.

"कधीपासून?" त्यांनी हळूच विचारलं.

"बरेच दिवस झाले, आबा." लेक दाराकडे बघत म्हणाली. सावकाशराव बाहेर नळावर हात धूत होते. "मामंजी कुणाला कळू देत नाहीत. पेला भरला की सांडतो, म्हणून मी भरतच नाही. तेही काही म्हणत नाहीत, मीही नाही. मोठं काम सगळं जमतं त्यांना, बारीक छिन्नी धरली की हात ऐकत नाही." मग जरा थांबून म्हणाली, "ही शेवटचीच मूर्ती, असं त्यांनी मनाशी ठरवलंय. पण हिचे डोळे आपल्याच हातचे हवेत म्हणतात. कारभाऱ्यांना कळलं तर ते मूर्ती उचलून दुसऱ्याकडे नेतील, आणि हात गेलेला मूर्तिकार म्हणून यांना लोक ओळखणार. आबा, तुम्ही कराल का डोळे? कुणाला कळणार नाही."

"मला कळेल ना," मौनीबाबा म्हणाले. "तुझ्या आजोबांना मी शब्द दिलाय. देवाच्या मूर्तीला माझी छिन्नी लागणार नाही. तुला माहीत आहे ते."

"माहीत आहे," लेक म्हणाली. "म्हणूनच तर आजवर विचारलं नव्हतं." एवढं म्हणून ती निघून गेली. ती रागावली असती तर बापाला सोपं गेलं असतं.

दुपारी फळीला वळसा घालून पलीकडे जाऊन मौनीबाबांनी त्या तुकड्यांतला एक उचलला आणि तो सावकाशरावांच्या पुढ्यात ठेवला. सावकाशराव तुकड्याकडे बघत राहिले, मग दोन्ही हात त्यांनी मांडीखाली सारले, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे.

"लपवायचं कशाला माझ्यापासून?" मौनीबाबा म्हणाले.

"तुमच्यापासूनच लपवायचं. बाकीच्यांना दगडातलं काय कळतं?" सावकाशराव म्हणाले. आणि मग, जे बोलायला त्यांना किती जड गेलं असेल ते देवच जाणे, ते म्हणाले, "व्याही, तुम्ही करा. तुमचा हात आला तर माझाच आला असं मी समजेन."

मौनीबाबांनी आपलं स्टूल ओढून आणलं आणि समोर बसले. "मी का नाही म्हणतोय ते ऐकून घ्या. मागे तुम्ही विचारलं होतं, का गेला म्हणून. तेच सांगतोय."

आणि त्यांनी सांगितलं. टेकडीवरच्या देवळाच्या पायऱ्या त्यांच्या वडिलांनी घडवलेल्या. वडील पाथरवट होते. अख्खा उन्हाळा टेकडीवर उन्हात याच स्टुलावर बसून एकेक पायरी घासली होती त्यांनी. काम संपलं त्या दिवशी त्यांनी एवढंच म्हटलं, की आत जाऊन जरा मूर्ती बघतो. तर दारातून सांगण्यात आलं, तुमचं काम झालं, आता खाली उभं राहा.

"पाया पडायला जायचं नव्हतं हो त्यांना," मौनीबाबा म्हणाले. "दगडातला माणूस. कुणी कशी घडवलीय, डोळे कसे काढलेत, ते बघायचं होतं. स्वतःच घासलेल्या पायऱ्या उतरून आले, आणि त्या दिवसापासून घरातले देव गेले. पायऱ्यांचा उरलेला दगड होता, त्यातून त्यांनी पहिला बुद्ध काढला. शिकवायला कोणी नव्हतं. त्याचे डोळे खाली का घेतले असं मी लहानपणी विचारलं, तर म्हणाले, हा दारात उभ्या असलेल्या माणसाकडे वरून बघणार नाही. मग माझ्याकडून शब्द घेतला. दुसऱ्या कुठल्या देवळाचं काम असतं तर कदाचित मी स्वतःची समजूत घातली असती, व्याही. तुमच्यासाठी घातली असती. पण नेमकं हेच देऊळ."

सावकाशरावांनी मांडीखालचे हात बाहेर काढले. एका फळीच्या दोन बाजूंना इतकी वर्षं काढली, घरात एकच नातवंड दोघांच्या मांडीवर खेळलं, आणि ही गोष्ट आपण आज ऐकतोय. त्यांना ती पट्टी आठवली, तो नवव्या जागेवरचा बुद्ध आठवला, आणि घरचाच की तो, हे आपलंच बोलणं.

"मग मी हे काम सोडतो," ते म्हणाले. "उद्या कारभाऱ्यांना बोलावतो. सांगतो हात गेला म्हणून. दुसऱ्याकडून करून घ्या."

ते हे अगदी साधेपणाने म्हणाले. हा माणूस काय सोडायला निघालाय हे मौनीबाबांइतकं कुणाला कळणार होतं? ते उठले, आपल्या बाजूला गेले, विनाकारण एका तयार मूर्तीचं डोकं पुसलं आणि परत आले.

"देवाला छिन्नी लावणार नाही, असा शब्द दिलाय मी," ते म्हणाले. "व्याह्याचं मनगट धरणार नाही, असं काही माझा बाप बोलला नव्हता. त्यांना हे कळलं असतं तर शिव्या दिल्या असत्या, पण आधी तुमचा हात बघून मग दिल्या असत्या. उद्या सकाळी उजेड चांगला असतो. छिन्नी तुमची, हातोडा तुमचा, डोळा तुमचा. मी फक्त थरथर धरतो."

सकाळी दोघं बसले. आरसा मांडला. सावकाशरावांनी छिन्नी टेकवली, मौनीबाबांनी मागून हात घालून त्यांचं मनगट धरलं. पहिल्यांदा दोघांनाही हसू आलं. इतकी वर्षं व्याही असून त्यांनी एकमेकांचा हात असा कधी धरला नव्हता.

"चेंगरू नका," सावकाशराव म्हणाले.

"मग थरथरू नका," मौनीबाबा म्हणाले.

आणि मग काम सुरू झालं तशी दोघांची तोंडं बंद झाली. छिन्नी हलू लागली. मुठीतली थरथर मौनीबाबांना आपल्या तळव्यात लागत होती, सुरुवातीला पाखरू धरल्यासारखी, मग हळूहळू कमी. सावकाशरावांनी श्वास रोखला होता. डावा डोळा झाला, उजवा झाला. रेघ कुठेही फाटली नाही. लेक दारात चहा घेऊन उभी राहिली आणि आत न येता तशीच परत गेली.

दगड पुसून दोघं पहिल्यांदा समोर येऊन उभे राहिले, आणि मौनीबाबांचा चेहरा पडला.

देवी खाली बघत होती. डोळे उघडेच होते, पण वरची पापणी जेवढी वर जायला हवी तेवढी गेलीच नव्हती. टक लावून बघणारी, भक्ताला दारातच गाठणारी नजर या देवळाच्या देवीची असायला हवी होती. ही तर आपल्या पायांपुढच्या जमिनीकडे बघत बसलेली.

"माझ्यामुळे झालं," मौनीबाबा म्हणाले. "तुम्ही श्वास रोखला होता आणि मी इकडे सवयीनं सोडत होतो. मनगट माझ्याबरोबर उतरत गेलं. अरे देवा." हे त्यांच्या तोंडून गेलं तेही त्यांना कळलं नाही. "तुमची शेवटची मूर्ती, व्याही, आणि मी ती बिघडवली."

सावकाशराव एका जागी उभे राहून मूर्तीकडे बघत होते, कधी नव्हे ते अगदी समोरून.

कारभारी दुपारी स्वतःच आले. धोतर सावरून, चष्मा पुसून त्यांनी मूर्तीला फेरी मारली. माणूस वाईट नव्हता. बोटांवर खूश झाला, ओठांवर खूश झाला, आणि मग समोर येऊन थबकला.

"नजर जरा खाली गेलीय का हो?" कारभारी म्हणाले. "थोडी पापणी वर घ्याल? घेता येईल ना? आमच्या देवीनं कसं ताठ बघायला हवं."

घेता आली असती. दगड शिल्लक होता. मौनीबाबा मान खाली घालून म्हणणारच होते की चूक माझी आहे, आत्ता दुरुस्त करून देतो. पण सावकाशराव फळीला वळसा घालून मौनीबाबांच्या बाजूला गेले. त्यांनी मौनीबाबांचं बुटकं स्टूल उचललं आणि आणून देवीच्या समोर, बरोबर तिच्या नजरेखाली ठेवलं.

"व्याही, नको," मौनीबाबा एकदम म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "माझ्या बापाला तिच्या नजरेची गरज नव्हती. तिच्यापुढे नका ठेवू त्यांना."

"त्यांना तिच्यापुढे नाही ठेवत," सावकाशराव म्हणाले. "तिला त्यांच्यापुढे ठेवतोय." मग ते कारभाऱ्यांकडे वळले. सावकाशराव भरभर बोलताना कुणी कधी ऐकलं नव्हतं, त्या दिवशी बोलले. "तुमच्या देवळाच्या पायऱ्या या स्टुलावर बसून घडवल्यात. हे माझे व्याही, यांच्या वडिलांनी. काम झाल्यावर मूर्ती बघू का म्हणाले, तर त्यांना दारातून खाली उतरवलं. माझा हात थरथरतो, कारभारी. सांगायचं नव्हतं, आता सांगतो. हे डोळे निघाले ते यांनी माझं मनगट धरलं म्हणून. तिनं ताठ बघायचं की मान खाली घालायची, ते आता तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तर पापणी वर करणाराही शोधून देतो. मी करणार नाही."

कारभाऱ्यांनी स्टुलाकडे बघितलं, त्यातल्या खळग्याकडे बघितलं. मग ते मूर्तीच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि ती जिथे बघत होती तिथे बघत राहिले.

"पायऱ्या अजून तशाच आहेत," ते शेवटी म्हणाले. "एकही हललेली नाही." चष्मा काढून त्यांनी परत पुसला. "डोळे असू द्या असेच. आणि मूर्ती बसवायला तुम्ही दोघंही या. आत या," ते मौनीबाबांना म्हणाले.

"पायऱ्यांपर्यंत येईन," मौनीबाबा म्हणाले. "त्या आमच्या आहेत. त्याच्यापुढचं तुमचं."

मूर्ती बसली त्या सकाळी मौनीबाबा खरंच आले आणि वरून तिसऱ्या-चौथ्या पायरीवर जाऊन बसले. दार उघडं होतं. वळून बघितलं असतं तर आतलं दिसलं असतं. त्यांनी बघितलं नाही. आत सावकाशरावांचा मान होता, त्यांना पुढे बसवायचं होतं, हारतुरे तयार होते. ते आत गेले, मूर्ती नीट टेकलीय का एवढं बघितलं, आणि बाहेर येऊन पायरीवर व्याह्याशेजारी बसले.

"अहो, आत वाट बघतायत तुमची," मौनीबाबा म्हणाले.

"जातो सावकाश," सावकाशराव म्हणाले.

त्यांनी थरथरता हात पायरीवर ठेवला. दगडाची धार कशी आहे ते तळव्याने चाचपलं, दोन पायऱ्यांमधला सांधा नखाने शोधला आणि तो नखाला लागला नाही. वाकून त्यांनी खालची पायरीही बघितली, तिच्या खालचीही. दगडातला माणूस दगडातल्या माणसाचं काम बघतो तसं, वेळ घेऊन, काही न सोडता.

"चोख काम आहे, व्याही," ते म्हणाले. "तुमच्या वडिलांना सांगायला हवं होतं कुणीतरी."

मौनीबाबांनी बोलायला तोंड उघडलं. आयुष्यात कधी नव्हे ते शब्द फुटेना. त्यांनी नुसता आपला हात त्या थरथरणाऱ्या हातावर ठेवला आणि त्या दिवशी, पहिल्यांदाच, ते आपल्या नावाला जागले.